बाबांच्या तपासणीआधी

तीर्थरूप आई-बाबा,

शि. सा. नमस्कार.

बाबा, काल फोनवर "त्या टेबलाला बांधून ठेवतात म्हणे" एवढंच म्हणालात आणि विषय बदललात. तुम्ही घाबरला आहात हे मला कळलं. म्हणून नीट लिहून पाठवते आहे, सावकाश वाचा.

आधी एक कबुली. ही तपासणी माझी झालेली आहे, तीन वर्षांपूर्वी. खूप वेळ उभं राहिलं की मला भोवळ यायची, दोनदा पडलेही होते. तुम्ही काळजी कराल म्हणून सांगितलं नाही. चुकलं माझं. आता वाटतं, तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्हीही तुमची पहिली चक्कर आमच्यापासून लपवली नसती.

तिला टिल्ट टेबल टेस्ट म्हणतात. कारण न सापडणाऱ्या बेशुद्धीसाठी ती उपयोगी पडते, असं लंडनच्या डॉक्टरांनी 1986 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं. तेव्हापासून ती चालत आली आहे, तुमच्यावर काही नवा प्रयोग होणार नाही.

आपण उभं राहिलो की अर्धा लिटरभर रक्त, कधी त्याहून जास्त, पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, नाडी थोडी वाढवतं, आणि मेंदूला रक्त पुरतं. हे सावरणं जिथे कमी पडतं तिथे भोवळ येते. ते कुठे आणि कसं कमी पडतं, हे या टेबलावर बघतात.

मला चार तास उपाशी राहायला सांगितलं होतं. तुम्हाला सांगतील तेवढे तास पाळा. छातीवर ईसीजीचे तुकडे चिकटवले, एका बोटाला रक्तदाब सतत मोजणारी छोटी पट्टी लावली, हाताला सुई. मग वीस मिनिटं नुसतं पडून राहायचं. खोली शांत, दिवे मंद. पट्टे छातीवर आणि गुडघ्यांजवळ असतात. ते बांधून ठेवायला नसतात, शुद्ध गेली तर तुम्ही पडू नये म्हणून असतात. पायांखाली फळी असते. टेबल हळूहळू उभं होतं, साधारण साठ ते सत्तर अंशांपर्यंत, म्हणजे भिंतीला रेलून उभं राहिल्यासारखं.

आणि मग वाट बघायची. बाबा, सगळ्यात अवघड भाग हाच. पाय हलवायचे नाहीत, कारण पायांचे स्नायू हलले की रक्त वर ढकललं जातं. वीस मिनिटं मला काही झालं नाही. मग जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा, फवारा दिला. डोकं ठणकायला लागलं, त्या औषधाने ते बऱ्याचदा होतं. सहाव्या मिनिटाला पोटात ढवळलं, कपाळाला घाम फुटला, आवाज दूर गेले. मी दात आवळून गप्प राहिले. मला वाटलं, आपण टिकलो तर बरं. पुढचं आठवत नाही. टेबल आडवं केल्यावर मिनिटभरात शुद्ध आली. नाडी मंदावली होती, रक्तदाब कोसळला होता, आणि कागदावर ते सगळं उमटलं होतं. माझं कारण त्या कागदावर सापडलं.

तिथे शुद्ध जाणं म्हणजे नापास होणं नाही. तुमची तीच चक्कर तिथे, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर, पट्टे बांधलेले असताना आली तर बरंच आहे. म्हणून माझ्यासारखं गप्प राहू नका. अंधारी आली, मळमळलं, छातीत धडधडलं, की त्या क्षणी सांगा. हृदयाचे ठोके क्वचित काही सेकंद थांबतातही, पण ते पडद्यावर लगेच दिसतं आणि टेबल ताबडतोब खाली नेतात. काहीच झालं नाही, तरी घरची चक्कर खोटी ठरत नाही. मग डॉक्टर दुसरीकडे शोधतात.

तुमचं कारण माझ्यापेक्षा वेगळं निघू शकतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब वीस अंकांनी किंवा त्याहून जास्त उतरला, तर त्याला वेगळं नाव आहे, आणि त्यात रक्तदाबाच्या गोळ्यांचाही हात असू शकतो. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. कुठली त्या दिवशी घ्यायची, कुठली नाही, हे डॉक्टरांनाच विचारा. मनाने एकही बंद करू नका. तपासणीनंतर थकवा येतो, त्यामुळे त्या दिवशी गाडी चालवायची नाही. मी आदल्या रात्री येते आहे.

आई, तू पाहिलंस ते फार मोलाचं आहे. बाबा पडले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता का, हातपाय झटकले का, शुद्ध यायला किती वेळ लागला, आल्यावर ते लगेच नीट बोलले का? आठवेल तसं एका कागदावर लिहून ठेव. त्याआधी ते किती वेळ उभे होते, तेही.

तुमची,
लेक