ओव्हरटेकमुळे अडणाऱ्या दोन्ही लेन

संपादक महोदय,

राष्ट्रीय महामार्ग ६६ गोव्यात बऱ्याच ठिकाणी चौपदरी झाला, झुवारीवर आठपदरी पूल आला. तरीही एक मालवाहू ट्रक दुसऱ्याला ओव्हरटेक करू लागला की सगळी वाहतूक त्या दोघांच्या मागे अडकते. हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या ट्रकपेक्षा ताशी ६५ने जाणाऱ्या ट्रकला ५० मीटर जास्त कापायला ३६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात साडेसहाशे मीटर रस्ता मागे पडतो. भरलेले ट्रक चढाला लागले की शेजारीशेजारी रेंगाळतच राहतात. मागे रांग लागते, आणि कुणीतरी वैतागून डावीकडच्या फटीतून गाडी घालतो. खरा धोका तिथे आहे.

आम्हा स्कूटरवाल्यांचे तर फारच हाल. ताडपत्रीखालून उडणारी रेती थेट डोळ्यांत जाते. पावसात ट्रकच्या चाकांचे गढूळ पाणी हेल्मेटच्या काचेवर आदळते आणि पुढचे काहीच दिसत नाही. करमल घाटाच्या वळणावर ओव्हरटेक करणारा ट्रक समोरून आपल्याच बाजूने आला, तर जायचे कुठे?

चालकांना माल वेळेवर पोचवायचा असतो, हे मान्य. पण म्हणून जड वाहनांनी उजवी लेन धरून बसायचे का? हेल्मेट तपासायला पोलीस उभे असतात, तसे इथेही हवेत. घाटात आणि पुलांच्या चढावर जड वाहनांना ओव्हरटेकबंदी करावी आणि तसे ठळक फलक पावसाळ्यापूर्वी लावावेत.

– एक वाचक, पर्वरी