चिन्मयला, रॉटरडॅमहून आल्यावर

आइंडहोवन, रविवार रात्र

प्रिय चिन्मय,
अनेक आशीर्वाद.

"रॉटरडॅम म्हणजे नुसती काचेची खोकी, आई. त्यापेक्षा जुन्या डेल्फ्टला जा," असं परवा फोनवर सांगून तू मोकळा झालास. तेव्हा ताईच्या कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या आणि बाबा शेजारी बसून तुझ्या बाजूनं मान डोलवत होते, म्हणून मी गप्प राहिले. आता सविस्तर भांडते. पत्र लांबलं तर लांबलं.

आम्ही गाइडबरोबरच्या सायकल फेरीचं बुकिंग केलं होतं. सायकलची उंची बघताच बाबांना गुडघा आठवला आणि ते मार्केटमध्ये कॉफी घेऊन बसले. मी आणि ताई निघालो. इथल्या सायकलवर ताठ बसायचं, आणि ब्रेक पॅडलमध्येच: पॅडल उलटं दाबलं की मागचं चाक आवळतं. वेंगुर्ल्याला आण्णांच्या सायकलवर कैची मारत शिकलेल्या पायांना हे कळायला एक-दोन चौक गेले. वळण्याआधी हात बाहेर काढायचा आणि फोटोसाठी मध्येच थांबायचं नाही, एवढं सांगून गाइड पुढे निघाली. मुलगी रॉटरडॅमचीच, पण आजी-आजोबा सुरिनामचे, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतले. त्यांचं मूळ कुठलं, तर १८७३ पासून कलकत्त्याहून जहाजानं उसाच्या मळ्यांवर नेलेल्या गिरमिट्यांचं, म्हणजे करारानं बांधलेल्या मजुरांचं. १९७५ला सुरिनाम स्वतंत्र झालं तेव्हा त्यांच्यातली पुष्कळ कुटुंबं हॉलंडला आली. घरी आजीशी ती सरनामी बोलते. भोजपुरीच्या कुळातली ती भाषा मला निम्मी समजत होती आणि ताईला अजिबात नाही, याचा मला जरा आनंदच झाला.

तुझ्या खोक्यांबद्दल आधी बोलून टाकते. मार्केटहॉल बघितला. घोड्याच्या नालेच्या आकाराची २०१४ सालची इमारत, कमानीत २२८ घरं आणि पोटात भाजीबाजार. छतभर फळं, मासे आणि फुलं रंगवलीत. मला ते भडक वाटलं, बाबांना फार आवडलं. पलीकडे पीट ब्लोम यांची घनघरं, १९८४ची. घन कोपऱ्यावर उभे केलेत. एक घर बघायला खुलं ठेवलंय, तिथं आत गेलो. साधारण शंभर चौरस मीटरचं घर, पण भिंती तिरक्या असल्यामुळे पाव जागा वाया. भिंतीला एक कपाट सरळ लागेल तर शपथ! हे डिझाइन तू आर्किटेक्चर कॉलेजात ज्युरीसमोर ठेवलं असतंस तर सरांनी काय केलं असतं ते तूच सांग. पण त्यामागचं कारण गाइडनं सांगितलं तेव्हा माझा सूर जरा उतरला. युद्धानंतर शहराचा मध्य भाग बांधला तो कचेऱ्या, दुकानं आणि रुंद रस्ते असा. संध्याकाळी सगळं सामसूम, नुसता वारा. लोक कुरकुरायला लागले, मग सत्तरच्या दशकात पुन्हा मध्यभागी घरं आणायचं ठरलं. ही वेडीवाकडी घरं म्हणजे त्या कोरड्या आखणीला दिलेलं उत्तर आहे.

आता मूळ मुद्दा. तुम्ही मुलं माना वर करून शहर बघता. सायकलवर नजर जमिनीवर लागते, नाहीतर माणूस ट्रामच्या रुळात अडकतो. आणि या शहराचं खरं काम जमिनीवरच आहे.

एका साध्या फुटपाथपाशी गाइडनं थांबवलं. फरसबंदीत एक गोल दिवा बसवलेला, थोड्या अंतरावर दुसरा, मग तिसरा. ही आगीची हद्द. १४ मे १९४० रोजी दुपारी जर्मन विमानांनी इथं बॉम्ब टाकले. हल्ला जेमतेम पंधरा मिनिटांचा, पण आगी पुढे दिवसचे दिवस जळत राहिल्या. आठशेच्या वर माणसं गेली, ऐंशी हजारांच्या आसपास बेघर झाली, आणि दुसऱ्या दिवशी देशानं शरणागती पत्करली. आग जिथपर्यंत पोचली त्या रेषेवर २०१०मध्ये हे दिवे बसवले. मी एक पाय हद्दीच्या आत आणि एक बाहेर ठेवून उभी राहिले. बाहेरच्या बाजूला विटांची जुनी, अरुंद घरं. आतल्या बाजूला तुझी खोकी. रेषा कुठून जाते ते दिव्यांशिवायही कळलं असतं, पण त्यांनी ती लिहून ठेवली आहे. आपल्या परळला गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. एखादी चिमणी उरली आहे, पण कामगार कुठल्या गेटातून आत जायचे ते दाखवणारी खूण किती ठिकाणी सापडते?

पुढचं ऐकून तू चिडशील. बॉम्ब पडल्यावर चारच दिवसांत नगररचनाकार विटेफेन यांना नवा आराखडा करायला सांगितलं गेलं. डागडुजी करून वाचल्या असत्या अशा कितीतरी इमारती ढिगाऱ्याबरोबर पाडल्या आणि त्या राबिटानं शहरातले कालवे बुजवले. मग १९४६मध्ये फान त्रा यांचा आराखडा मंजूर झाला, तो त्याहूनही नव्या वळणाचा. जुनं होतं तसं पुन्हा उभारायचा मार्ग त्यांनी घेतलाच नाही. अपवाद सेंट लॉरेन्सचं मध्ययुगीन चर्च. त्याच्याही फक्त भिंती आणि बुरूज राहिले होते, पण ते पाडलं नाही. दुरुस्ती १९६८ला पुरी झाली. तू म्हणशील, सगळंच असं का नाही वाचवलं? मलाही वाटलं ते. पण जिथं राहायला छप्पर नाही, बंदर बंद आहे, परक्यांचं राज्य आहे, तिथं आपण घरबसल्या निवाडा करायचा म्हणजे जरा जास्तच होतं.

तुझ्या पारड्यातही एक वजन टाकते. लाल विलेम पुलावरून नदीतल्या बेटावर आणि तिथून पलीकडे जाताना 'हेफ' दिसतो. १९२७चा रेल्वेचा पूल. मधला भाग लिफ्टसारखा वर जायचा आणि खालून जहाजं जायची. १९९३ला रेल्वे बोगद्यातून जायला लागली, पूल निकामी झाला, पाडायचं घाटत होतं. लोकांनी तो वाचवला. मधला भाग आता कायमचा वर नेऊन ठेवलाय, त्याखालून कोणीही जावं. कोणीही म्हणजे, २०२२मध्ये एका अब्जाधीशाच्या शिडाच्या नौकेचे डोलखांब त्याहून उंच निघाले, तेव्हा पुलाचा भाग तात्पुरता उतरवावा अशी मागणी झाली. गावकऱ्यांनी नौकेवर सडकी अंडी फेकायचा बेत जाहीर केला. शेवटी मागणी मागे घेतली गेली आणि नौका डोलखांब न चढवता दुसऱ्या वाटेनं गेली. हे सांगताना गाइडच्या चेहऱ्यावरचं समाधान तू बघायला हवं होतंस!

शेजारचा उघडझाप करणारा पूल आम्ही पोचलो तेव्हाच वर गेला. एक लांबच लांब मालवाहू बार्ज खालून सावकाश सरकत होतं, मागे कप्तानाची मोटार उभी आणि केबिनच्या खिडकीला पडदे. सायकली, गाड्या, सगळे थांबलेले. एकही हॉर्न नाही.

मी वर्षानुवर्षं मुलांकडून 'युरोपातील सर्वात मोठे बंदर' या रिकाम्या जागेत रॉटरडॅम भरून घेतलं. १९६२ पासून चाळीसेक वर्षं तर ते जगातलं सर्वात मोठं होतं. आणि शहरात बंदर दिसतच नाही! कंटेनर आले, जहाजं मोठी झाली, आणि बंदर नदीच्या काठानं समुद्राकडे सरकत गेलं. आता ते चाळीसेक किलोमीटर लांब आहे, टोकाची जमीन तर समुद्रात भराव घालून केलेली. आपल्या मुंबई बंदरातून कंटेनर न्हावा-शेव्याला गेले, त्याच जातीची गोष्ट. फरक मागे राहिलेल्या गोद्यांचा. काटेनड्रेख्त नावाच्या भागात पूर्वी खलाशांच्या खाणावळी, चिनी वस्ती आणि बदनाम गल्ल्या होत्या. आता गोदामांवर घरं चढवलीत, आणि एका गोदामात स्थलांतरितांचं संग्रहालय २०२५ला उघडलं. छतातून वर निघणारा वळणावळणाचा चकचकीत जिना आहे त्याला. अमेरिकेला जाणारी लाखो गरीब माणसं याच धक्क्यांवरून बोटीत चढली. समोरच त्या बोटींच्या कंपनीची जुनी कचेरी, ती १९९३ पासून हॉटेल. जागांचे भाव अर्थातच जुन्या रहिवाशांच्या आवाक्याबाहेर गेलेत. गाइडचं स्वतःचं घर शहराबाहेर आहे.

आता जे तुला बघायलाच हवं ते. नदीखालून जाणारा मास बोगदा. हॉलंडमधला पाण्याखालचा पहिला. काम १९३७ला सुरू झालं, मध्येच शहर जळालं, जर्मन आले, तरी काम चालू राहिलं आणि १९४२ला गाजावाजा न करता तो खुला झाला. बोगद्याचे भाग वेगळे बांधले, तरंगवत आणले आणि नदीत खणलेल्या चरात बुडवून जोडले. मोटारींचा मार्ग वेगळा, सायकलींचा वेगळा आणि त्याच्याही खाली चालणाऱ्यांचा. खाली जायला लाकडी पायऱ्यांचे सरकते जिने, त्या काळचेच. सायकल घेऊन त्यावर उभं राहायचं! हँडल घट्ट धरलं, एक चाक वरच्या पायरीवर, एक खालच्या, लाकूड कुरकुरतंय आणि उतार संपतच नाही. माझ्यापुढच्या आजीबाईंनी एका हातानं सायकल धरून दुसऱ्या हातानं केस नीट केले. खाली टाइल लावलेला सरळसोट नळा, गार हवा, आणि डोक्यावरून जहाजं जात असतील हा विचार. विचार कर, १९३७मध्ये कोणीतरी ठरवलं की सायकलवाल्याला मोटारीच्या धुरात ढकलायचं नाही, त्याला स्वतःची वाट द्यायची. आपल्याकडच्या सागरी सेतूवर सायकल नेऊन दाखव.

तरी युद्धानंतर याच शहरानं मोटारीला डोक्यावर घेतलं होतं. कूलसिंगेल हा मुख्य रस्ता चार पदरी होता. २०२१मध्ये त्याचे दोनच पदर ठेवून उरलेली जागा झाडं, पायवाट आणि सायकलींना दिली. त्यावरून जाताना मला ताईशी गप्पा मारता येत होत्या, यापेक्षा जास्त कौतुक मी रस्त्याचं करू शकत नाही.

स्टेशनजवळ पाण्याचा चौक आहे, २०१३चा. दिसायला खोलगट बास्केटबॉलचं मैदान, बाजूला बसायच्या पायऱ्या. मुसळधार पाऊस आला की आजूबाजूच्या छपरांचं पाणी तिथं येऊन साठतं, एकूण सतरा लाख लिटर, मग हळूहळू सोडतात. शहराचा बराच भाग समुद्रसपाटीखाली, पाणी जाणार कुठं? हिंदमाताला तुंबतं म्हणून आपल्याकडे प्रमोद महाजन उद्यानाखाली टाक्या बांधल्या, त्या जमिनीच्या पोटात. इथं टाकीतच पोरं खेळतात. दोन्हींत कुठलं बरं, हे तुमच्या सरांना विचार. आमच्या वेळी मैदान कोरडं होतं आणि तिथं एक मुलगा स्केटबोर्डवरून पुन्हा पुन्हा पडत होता.

जेवण गाइडनं सुचवलेल्या सुरिनामी खानावळीत झालं. रोटीच्या आत पिवळी डाळ वाटून भरलेली, गूळ न घातलेली पुरणपोळीच जणू, सोबत बटाटा आणि शेंगांचा रस्सा. बाबा दोन खाऊन शांत झाले.

डेल्फ्सहावन मुद्दाम शेवटी ठेवलंय. १९४०च्या त्या आगीतून वाचलेलं जुनं बंदर. छोटा कालवा, पवनचक्की, १६२०मध्ये अमेरिकेकडे निघालेल्या यात्रेकरूंचं चर्च. तुला हवं तसं सगळं. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या डेल्फ्ट शाखेची कोठारंही इथंच होती. ते ऐकलं आणि मला एकदम वेंगुर्ल्याची डच वखार दिसली. याच कंपनीनं १६३७च्या सुमारास आपल्या गावात ठाणं केलं, तिथून गोव्याच्या पोर्तुगीजांवर डोळा ठेवला, आणि आम्ही पोरं शाळा सुटली की त्या पडक्या भिंतींवर चढून कैऱ्या खायचो. गाइडला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. मोबाइलवर फोटो दाखवला.

तर, प्रबंधासाठी विषय मिळत नाही म्हणून रडतोस ना? मे महिन्यात मामाकडे जाशील तेव्हा टेप घेऊन जा आणि वखारीची मापं काढ. जितक्या भिंती उभ्या आहेत तेवढ्यांची, पाऊस लागायच्या आत. मामाला शिडीचं मी आजच सांगते. वाचवायची, पाडायची की शेजारी नवं बांधायचं, ते नंतर आपण दोघं भांडून ठरवू. आधी तिथं नेमकं काय उरलंय ते कागदावर येऊ दे.

डबा वेळेवर खात जा. ताईनं तुझ्यासाठी रेनकोट घेतलाय, पिवळाधमक आहे, कुरकुर न करता घाल.

तुझी,
आई