पुण्याच्या खडकात उष्णता सोडायची, तर आधी चाचणी घ्या

माननीय आयुक्त,
पुणे महानगरपालिका

विषय : महापालिकेच्या इमारतींसाठी भू-उष्णता पंप आणि निविदेतल्या अटी

सप्रेम नमस्कार.

पुण्यात दहा-पंधरा मीटर खाली जमिनीचे तापमान वर्षभर साधारण २६-२७ अंश असते. एप्रिलात बाहेर ३९ अंश असताना नेहमीचा एसी त्याच तापल्या हवेत उष्णता टाकतो. भू-उष्णता पंप ती बोअरमधल्या बंद पाइपातून फिरणाऱ्या पाण्यामार्फत जमिनीत सोडतो. कॉम्प्रेसरवरचा भार हलका होतो आणि वीज वाचते. त्यासाठी वज्रेश्वरीसारखे गरम झरे लागत नाहीत, भूजलही उपसावे लागत नाही. थंडीत चक्र उलटे फिरवून खोल्या गरम करता येतात.

पण पुण्याला अशी थंडी थोडेच दिवस असते, आणि अडचण तिथेच आहे. थंड देशांत हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढली जाते, उन्हाळ्यात परत भरली जाते. आपण मात्र ओततच राहणार. काही वर्षांत बोअरभोवतीचा पाषाण तापतो आणि वीजबचत आटते. म्हणून पहिला पंप कार्यालयात नको, रुग्णालयात बसवा. तिथे रोज ५०-५५ अंशांचे पाणी लागते. वॉर्डांतून काढलेली उष्णता आधी त्या पाण्याच्या टाकीत जाऊ द्या, उरलेलीच जमिनीत.

दहा टन शीतकरण क्षमतेच्या (सुमारे ३५ किलोवॅट) यंत्रणेला कॉम्प्रेसरच्या उष्णतेसह सुमारे ४३ किलोवॅट जमिनीत सोडावे लागतात. बोअरच्या दर मीटर खोलीला ४३ वॅट धरले तर १०० मीटरचे दहा बोअर, एकमेकांपासून किमान सहा मीटर दूर. हा दर अंदाजाने धरू नका. एक बोअर मारून त्यात सलग ४८ तास गरम पाणी फिरवा, जमीन किती उष्णता घेते ते मोजा, मगच संख्या ठरवा.

सर्वांत जास्त कामे बिघडतात ती बोअर भरताना. पाइप सोडून भोवती मुरूम लोटला की पोकळ्या राहतात. पावसाळ्यात त्या पाण्याने भरतात, त्यामुळे सगळे ठीक वाटते. मे महिन्यात भूजलाची पातळी खाली जाते, पोकळीत हवा उरते आणि ऐन उन्हाळ्यात उष्णता अडते. शिवाय वरचे सांडपाणी थेट भूजलात उतरते, हे तर अक्षम्य आहे. सिमेंट, वाळू आणि बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) यांचे मिश्रण तळापासून वर पंपानेच भरले पाहिजे. नुसते बेंटोनाइट कोरड्या थरात आकसते. पाइपाची दाबचाचणी तो बोअरमध्ये सोडण्यापूर्वी आणि बोअर भरल्यानंतर, दोन्ही वेळा घ्यावी.

परदेशी निविदेतून ग्लायकॉलची (पाणी गोठू नये म्हणून मिसळायच्या रसायनाची) अट उचलू नका. पुण्यात पाइपातले पाणी गोठत नाही. ग्लायकॉलने फक्त पंपाची वीज वाढते.

चाचणीचा अहवाल, जमिनीत जाणाऱ्या-निघणाऱ्या उष्णतेचा पुढील वीस वर्षांचा ताळेबंद आणि प्रत्येक बोअरची दाबनोंद जोडल्याशिवाय देयक मंजूर होणार नाही, अशी अट निविदेत घालावी, ही विनंती.

आपले,
भू-उष्णता आणि बोअरिंगच्या कामातील अभियंते, पुणे