मावशी, तुमच्या शिफारसपत्राबद्दल

प्रिय मावशी,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

पत्र असं चारचौघांत लिहितेय म्हणून तुम्ही चिडणार. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चल, ऊन वाढेल" म्हणून पुढे निघता. आता तुम्ही कळव्यात आणि मी नेपाळात, तेव्हा ऐकून घ्या.

मिशनच्या अर्जात 'यापूर्वी केलेली सेवा' असा रकाना होता. मी तरुण संघ, संडे स्कूल, नाताळच्या नाटिका असं भरभरून लिहिलं. मुलाखतीत त्यातलं कुणी काही विचारलं नाही. त्यांच्यासमोर आखीव कागदावरचं तुमचं पत्र होतं: "मुलगी वेळेवर येते. पेशंटच्या घरी चहा घेते. वही पूर्ण ठेवते. चिडते, पण पेशंटवर नाही." बायबलचं एक वचन नाही, 'समर्पित' वगैरे शब्द नाहीत. पहिला प्रश्न चहावरच आला, आणि मग मी दिघ्याबद्दल बोलतच बसले.

रविवारची उपासना सुटली की आपण ऐरोलीहून रिक्षा करून दिघ्याला क्षयाच्या पेशंटांच्या घरी जायचो. खाणीत दगड फोडून छाती गेलेली माणसं, त्यात क्षय. गोळ्या सहा महिन्यांच्या. पहिल्या दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अंगाला लागतं, आणि नेमका तिथेच माणूस गोळ्या सोडतो. बरं वाटतंय, मग रोजाचा खाडा कशाला? अर्धवट सोडल्या तर जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. पण दोन महिन्यांनंतर त्या घरात नेमकं कुणाशी बोलायचं, हे तुम्ही शिकवलंत. पेशंटशी नाहीच. तुम्ही सासूला हाताशी धरायचात.

तो नाक्यावरचा हमाल आठवतो? लघवी लाल झाली म्हणून घाबरून गोळ्या नाल्यात टाकणारा. त्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाने ती नारिंगी होतेच, पण त्याला ते कुणी आधी सांगितलंच नव्हतं. तुम्ही त्याला ओरडला नाहीत. पायरीवर बसून आधी त्याचं गाऱ्हाणं ऐकलंत, मग पुन्हा केंद्रावर घेऊन गेलात. इथे पाल्पा जिल्ह्यात लॅबमध्ये बेडका तपासायला आलेल्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की मी हे रंगाचं आधीच सांगून टाकते. माझं नेपाळी अजून मोडकंतोडकं, त्यामुळे शेजारच्या बाकावरची माणसं हसतात. हसू देत. सकाळचा बेडका कसा काढायचा, नुसती थुंकी का चालत नाही, हेही खोकून दाखवते, तुम्ही दाखवायचात तसंच.

आपल्या तरुण संघात मिशनरी म्हटलं की १३२१ साली ठाण्यात मारले गेलेले चार फ्रान्सिस्कन संन्यासी. चीनला निघाले, इथल्या बंदरात उतरले आणि इथेच जिवाला मुकले. मोठीच गोष्ट आहे ती, पण ऐकून आमच्या डोक्यात मिशन म्हणजे जहाज आणि बलिदान एवढंच बसलं होतं. भरलेली वही आणि झिजलेली चप्पल त्यात कुठेच नव्हती.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. तुम्ही कुणाच्या घरी न विचारता प्रार्थना केली नाहीत. "सिस्टर, तुमच्या देवाला सांगा" असं कुणी म्हणालंच तर उभ्याउभ्या दोन वाक्यं, आमेन, आणि पुन्हा वजनकाटा. मला तेव्हा हे भित्रेपणाचं वाटायचं. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई केली आहे, आणि पुढे फौजदारी कायद्यात त्याला शिक्षाही आली. त्याआधीही, १९५४ मध्ये अनेक देशांच्या मिशन संस्थांनी मिळून युनायटेड मिशन टू नेपाळ सुरू केलं, ते सरकारशी करार करून, सेवेपुरतं. बाहेरून नव्याने येणाऱ्या काहींना हे फार जड जातं. मग इथे येऊन करायचं काय, असा त्यांचा चेहरा होतो. मला नाही जात. दिघ्यात काय वेगळं करत होतो आपण? कुणी आपणहून विचारलं तर सांगते. नाही विचारलं तर स्लाइड पाहते.

इथे उपासना शनिवारी असते, सुट्टीचा वार तोच. रविवारी कामावर जायचं अजून अंगवळणी पडलेलं नाही, दुपारी उगाच दिघ्याची वेळ झाल्यासारखं वाटतं.

जाता जाता एक काम. मंडळीतली दोन मुलं मला सारखे मेसेज करताहेत, परदेशी मिशनला जायचंय, कोणता कोर्स करू म्हणून. मी त्यांना तुमचा पत्ता दिलाय. येत्या रविवारी येतील. एकाला उन्हाचा त्रास होतो, टोपी आणायला सांगा. आणि चहा दोघांनाही घ्यायला लावा.

तुमचीच,
लॅबवाली