मित्राचा कुत्रा शेरू गेल्यानंतर त्याला लिहिलेलं पत्र

प्रिय गड्या,

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा गेले तेव्हाही मी इतका रडलो नव्हतो रे. माझ्यात काही बिघडलंय का?" तुझ्या मागे घरातली सगळी होती, आवाज येत होते. असल्या प्रश्नाचं उत्तर तेवढ्यात देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

तुझ्यात काहीही बिघडलेलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

काका गेले तेव्हा मी तुझ्याकडेच होतो. तुला रडायला सवड होती कुठे? येणारे-जाणारे, कागदपत्रं, काकूंचं औषधपाणी, धाकट्याची समजूत काढणं. घरातला मोठा तू, सगळे तुझ्या तोंडाकडे बघत होते. पण रात्री निजानीज झाली की तू मागच्या पायरीवर जाऊन बसायचास आणि शेरू तुझ्या मांडीला अंग टेकून बसायचा. मी खिडकीतून पाहिलंय. तो तुला चाटत नव्हता, शेपटी हलवत नव्हता. नुसता टेकून बसलेला असायचा आणि तू उठलास की उठायचा. त्या दिवसांत तू जे आतल्या आत दाबलंस, ते पाहणारा तो एकटाच होता. आता तोच गेला, तर ते दाबलेलंही उसळून वर येणारच. मला नाही वाटत की तू फक्त शेरूसाठी रडतोयस. आणि फक्त त्याच्यासाठी रडत असलास तरी त्यात कमीपणा कसला?

माणसामाणसांत नुसती माया कधीच नसते. त्यात राग असतो, अबोला असतो, कुणी काय बोललं त्याचा हिशेब असतो. काकांशी तुझं पटायचं नाही असं नाही, पण काही बोलायचं राहून गेलं हे तूच मला सांगितलंयस. असलं माणूस गेलं की दुःखाला वाट सापडायला वेळ लागतो. शेरूशी तुझं काहीच बोलायचं राहिलेलं नव्हतं. तुमचं नातंच मुळी बोलण्याचं नव्हतं, हातापायांचं होतं. पहाटे दार उघडायचं, पट्टा अडकवायचा, पाण्याचं भांडं विसळून भरायचं, पावसाळ्यात पंजे पुसायचे, कानामागे बोटं घालून गोचीड शोधायची आणि सापडली की तिला मुळापासून उपटेपर्यंत "बस, बस, झालं" म्हणत राहायचं. दिवसातून कितीदा तुझा हात त्याच्या अंगावरून फिरत होता, मोजलंयस कधी? तेवढ्या वेळा आता तो हात रिकामा परत येतो. म्हणून हे दुःख असं तासातासाला नव्यानं लागतं.

आमचा काळू गेला तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये त्याच्या गोळीचा गजर तसाच राहिला होता. रोज रात्री नऊला वाजायचा. घरात सगळ्यांना ऐकू यायचा, पण तो कायमचा काढून टाकायला कुणीच धजत नव्हतं. वाजला की मी उठून औषधांच्या कपाटापर्यंत जायचो. गोळी कुणाला द्यायची नाहीये हे पुरतं ठाऊक असूनही जायचो. अंधारात उंबऱ्यापाशी पोचलं की अजूनही माझं पाऊल आपोआप लांब पडतं, कारण तो तिथे आडवा पसरलेला असायचा. डोक्याला कळतं, पायांना कळायला फार दिवस लागतात. तेव्हा तू बुटांच्या कपाटाशी पट्टा शोधत उभा राहिलास, त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझ्या ऑफिसातल्या त्या गृहस्थांनी "कुत्रंच होतं ना?" म्हटलं, ते ऐकून मला तिडीक आली. तू हसून वेळ मारून नेलीस आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलंस, हे वहिनींनी सांगितलं. माणूस गेलं तर लोक भेटायला येतात, सुट्टी मिळते, चार दिवस कुणी काही विचारत नाही. कुत्रा गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर हजर. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ साली नेमकी अशाच दुःखांची मांडणी केली. समाज ज्यांना मान्यताच देत नाही, ज्यांचा शोक उघडपणे करू देत नाही, अशी दुःखं. पाळलेल्या जनावराचा मृत्यू त्यातलाच. मूळ दुःख असतंच, वर ते लपवायचं ओझं. तू सध्या दोन्ही वाहतोयस.

त्या गृहस्थांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथं १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत काम करताना मजुरांना एक जुनी कबर सापडली. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीची. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा. कुत्र्याची हाडं ओळखायलाच कित्येक वर्षं गेली. पुढे संशोधकांनी त्याचे दात बारकाईनं तपासले. ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं. दातांवरच्या खुणांवरून दिसलं की साडेचार महिन्यांच्या सुमारास ते फार आजारी पडलं, बहुधा डिस्टेंपर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य आजारानं, आणि नंतरही त्याचा आजार पुन्हा पुन्हा उलटत राहिला. डिस्टेंपर झालेल्या पिल्लाची काय दशा होते ते आपण दोघांनी पाहिलंय. जुलाब, उलट्या, झटके. कुणी स्वच्छ केलं नाही, उबेत ठेवलं नाही, तोंडात पाणी घातलं नाही, तर ते दिवस काढू शकत नाही. आणि हे पिल्लू आठवड्यांमागून आठवडे जगलं.

त्या माणसांकडे काय होतं, विचार कर. ना धान्य, ना पक्कं घर. रोजची शिकार मिळेल की नाही याचा भरवसा नाही. पिल्लू शिकारीच्या कामाचं नव्हतं, राखणीच्याही नव्हतं. तरी कुणीतरी त्याच्यापाशी बसून राहिलं आणि ते गेल्यावर त्याला माणसांच्या शेजारी निजवलं. शेती पुढची, गावं पुढची, लिहिणं तर त्याहून कितीतरी पुढचं. आजारी कुत्र्याची शुश्रूषा त्या सगळ्याच्या आधीची आहे. शेरूला तू सलाईन लावून रात्र रात्र जमिनीवर त्याच्याशेजारी पडून राहायचास. माणूस हे करत आलाच आहे.

हाचिको या जपानी कुत्र्याची गोष्ट लोक फार सांगतात. १९२५ मध्ये त्याचे मालक प्राध्यापक उएनो अचानक गेले आणि तो १९३५ मध्ये मरेपर्यंत, जवळजवळ दहा वर्षं, टोकियोतल्या शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. सगळे त्यातून कुत्र्याचं इमान सांगतात. माणूसही तसाच वाट पाहत राहतो, हे कुणी सांगत नाही. मला त्या स्टेशनवरच्या पुतळ्यापेक्षा टोकियो विद्यापीठातला, २०१५ मध्ये बसवलेला दुसरा पुतळा जास्त आवडतो. त्यात प्राध्यापक परत आलेत आणि हाचिको उसळून त्यांच्या अंगावर झेपावलाय. दोघांची भेट घडवावी असं ऐंशी वर्षांनीही लोकांना वाटलं, यातच काय ते आलं.

आता ज्याच्याविषयी तू एकच वाक्य बोललास आणि विषय बदललास, त्याकडे येतो. "त्यानं शेवटी माझ्याकडे बघितलं आणि मी सही केली होती." हे वाक्य तुला झोपू देत नसणार.

शेरूची मूत्रपिंडं निकामी झाली होती. तू म्हणतोस, आधी लक्षात यायला हवं होतं. अरे, मूत्रपिंडाचं साधारण तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत नेहमीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिनसुद्धा, म्हणजे मूत्रपिंड ज्याचा निचरा करतं ते द्रव्य, बहुधा वाढलेलं दिसत नाही. तोवर कुत्रा खातो, फिरतो, चेंडूमागे धावतो. दुखणं उघड झालं तेव्हा हातात फारसं उरलेलं नव्हतं. त्याला उभं राहता येत नव्हतं, तोंडात व्रण पडले होते, पाणीही ठरत नव्हतं. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे जाऊ देण्याचा पर्याय सांगितला तेव्हा "अजून थोडं थांबू" म्हणणं तुला सोपं गेलं असतं. त्या थांबण्यातला त्रास शेरूनं सोसला असता, तू नव्हे. तू उलटं केलंस. त्याचा त्रास थांबवलास आणि तो आपल्याकडे घेतलास.

त्या इंजेक्शननं नेमकं काय होतं हे मी काळूच्या वेळी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं होतं. तुलाही ठाऊक असावं. ते भूल देण्याच्या जातीचंच औषध असतं, फक्त मात्रा फार मोठी. आधी मेंदू बधिर होतो, शुद्ध जाते. श्वास आणि हृदय त्यानंतर थांबतं. म्हणजे जे काही शेवटचं घडलं ते त्याला कळलेलंच नाही. नंतर एखादा खोल श्वास येतो, स्नायू थरथरतात, तेही शरीराचं आपसूक होणारं काम आहे, त्यात वेदना नाही. डोळे उघडेच राहिले म्हणून तू घाबरलास, पण कुत्र्यांचे डोळे बहुतेक वेळा उघडेच राहतात.

आणि त्याआधी त्यानं जे बघितलं, ते. २०१५ मध्ये जपानच्या आझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रे आणि त्यांची माणसं यांच्यावर एक प्रयोग केला. जे एकमेकांच्या डोळ्यांत जास्त वेळ बघत होते, त्या दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक वाढलं. आई आणि तान्हं मूल एकमेकांकडे बघतात तेव्हा वाढतं तेच. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये असं काही दिसलं नाही. शेरू पिल्लू होता तेव्हापासून तो तुला असाच बघत आला. इंजेक्शनला घाबरला की बघायचा, फटाके वाजले की बघायचा, दारावर अनोळखी माणूस आलं की आधी भुंकायचा आणि मग वळून तुझ्याकडे बघायचा. तू जवळ आहेस ना, एवढंच त्याला त्यातून हवं असायचं. त्या दिवशीही तू जवळ होतास. तुझा हात त्याच्या मानेखाली होता. टेबलावर एकटं सोडून बाहेर जाऊन उभी राहणारी माणसंही असतात, त्यांना मी नावं ठेवत नाही, बघवत नाही म्हणून जातात बिचारी. पण तू थांबलास. त्याला विचारता आलं नाही, हे तुझं खरं दुखणं आहे आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही. जन्मभर त्याच्या वतीनं सगळं तूच ठरवत आलास, हेही तुलाच ठरवावं लागलं.

पोरीला काय सांगितलंत? "शेरू झोपला" असं सांगू नका, एवढं माझं ऐक. लहान मुलं मग झोपायलाच घाबरतात, नाहीतर तो उठायची वाट बघत बसतात. "गावाला गेला" म्हटलं तर तिला न भेटता गेला म्हणून ती रुसेल. शेरू फार आजारी होता, तो मेला, आता परत येणार नाही, असं सरळ सांग. रडली तर तूही तिच्यासमोर रड. तिला चित्र काढायचं असेल तर काढू दे, त्याचा चेंडू उशाशी हवा असेल तर असू दे.

काकूंकडेही जरा बघ. त्या काही बोलायच्या नाहीत. पण तुम्ही सगळे बाहेर पडलात की दुपारभर त्या घरात शेरूशीच बोलायच्या, मागच्या वेळी आलो होतो तेव्हा मी ऐकलंय. भाजी निवडता निवडता त्याला सगळ्या नातेवाइकांच्या कागाळ्या सांगत होत्या. काका गेल्यानंतर दुपारी त्यांचं ऐकणारं तेवढंच कुणीतरी होतं.

"दुसरा आणा" असं सांगणारे आता पुष्कळ भेटतील. चांगल्या मनानं सांगतात, पण इतक्यात नको. दक्षिण कोरियात २००५ मध्ये कुत्र्याचं पहिलं क्लोन जन्माला आलं, त्यानंतर पैसेवाले लोक आपल्या गेलेल्या कुत्र्याची हुबेहूब प्रत करून घेऊ लागलेत. रक्त तेच, पण जनावर वेगळं निघतं. स्वभाव तर वेगळा असतोच, अंगावरचे ठिपकेही कधीकधी जुळत नाहीत. तुझ्या मांडीला टेकून बसणारा शेरू काही त्याच्या रक्तात नव्हता, तो त्या पायरीवर तुमच्या दोघांत घडला होता. कधीतरी दुसरं पिल्लू घरात येईल, ते स्वतःच्या पायांनी येईल आणि स्वतःच्या खोड्या घेऊन येईल. त्याला शेरूचं नाव तेवढं देऊ नका.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येतोय. वहिनींना सांग, माझ्यासाठी काही विशेष करू नका. शेरूची उरलेली औषधं आणि सलाईनच्या बाटल्या टाकून दिल्या नसशील तर डॉक्टरांना विचार, न फोडलेली एखाद्या दुसऱ्या कुत्र्याला उपयोगी पडतील. आपण दोघं जाऊन देऊन येऊ. आणि त्याचे पिल्लूपणापासूनचे फोटो काढून ठेव. मला ते पोरीबरोबर बसून बघायचे आहेत, आणि तुझ्याकडून त्याच्या सगळ्या गोष्टी पुन्हा ऐकायच्या आहेत. चपला पळवल्याच्यासुद्धा.

काकूंना नमस्कार, पोरीला खूप पापे.

तुझा,
लहानपणापासूनचा मित्र