कूर्चा भुकटीने उगवत नाही

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीतला सांधेदुखीवरचा डॉक्टरांचा लेख चांगला होता. पण त्याच्या खालोखाल, जवळपास तशाच अक्षरांत, कोलॅजेन या प्रथिनाच्या एका भुकटीची जाहिरात होती. गुडघ्यातली झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, म्हणे तीन महिन्यांत नव्याने तयार होते! माझी सगळी नोकरी महापालिकेच्या रुग्णालयात, हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत, ऊतींचे काप काढण्यात गेली. म्हणून राहवले नाही.

शस्त्रक्रियेतून आलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, मेणाचा ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर ४-५ मायक्रॉनचा काप घ्यायचा आणि तो रंगवायचा, हे आमचे काम. हाड आले की कपाळाला आठ्या. आधी आम्लात ठेवून त्यातले कॅल्शियम काढावे लागते, त्यात दिवस जातात आणि तिकडे वॉर्डातून रिपोर्टसाठी फोन सुरू!

अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता हे ऊतींचे चार प्रकार नववीची मुले घडाघडा म्हणतात. अभिस्तर ऊती आच्छादन करतात, संयोजी जोडतात आणि आधार देतात, स्नायू आकुंचन पावतात, चेता ऊती संदेश नेतात. परीक्षेला एवढे पुरते. यांतले काय बिघडले तर भरून येते, हे मात्र कोणी विचारत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवसांत बदलतात. हाताचा कापला गेलेला चेतातंतू नीट जोडला तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढू शकतो. मज्जारज्जूत तसे होत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण उरतो, आणि व्रण काही आकुंचन पावत नाही.

कूर्चा ही संयोजी ऊती. रक्त, चरबी आणि हाडही त्याच घरातली. पण हाडात रक्तवाहिन्या असतात, म्हणून मोडलेले हाड सांधते. कूर्चेची स्लाइड पाहा: निळसर, काचेसारखा पसारा, त्यात एकमेकींपासून दूर, खळग्यांत बसलेल्या मोजक्या पेशी आणि रक्तवाहिनी एकही नाही. सांध्यातल्या कूर्चेला पोषण मिळते ते मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून झिरपून, आणि त्यासाठी सांधा हलावा लागतो. मोठ्या माणसात या पेशी फारशा वाढत नाहीत. खुब्याच्या शस्त्रक्रियेत काढलेले मांडीच्या हाडाचे डोके आमच्याकडे यायचे. संधिवाताच्या रुग्णाचे असले तर काही ठिकाणी कूर्चा पार निघून गेलेली असायची आणि उघडे पडलेले हाड हस्तिदंतासारखे गुळगुळीत झालेले. तिथे कोणती भुकटी काय उगवणार?

कोलॅजेन खाल्ले की पोटात त्याचे अमिनो आम्ले आणि छोटे तुकडे होतात. पचलेल्या डाळीच्या प्रथिनांचेही तेच होते. ते तुकडे थेट गुडघ्यात जाऊन बसत नाहीत. कोणाला दुखणे थोडे कमी वाटेलही, मी नाही म्हणत नाही. पण दुखणे कमी होणे वेगळे आणि कूर्चा नव्याने तयार होणे वेगळे. मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम आणि वजन कमी करणे यांचा उपयोग होतो, हे आपल्याच लेखात डॉक्टरांनी लिहिले आहे. खुर्चीत बसून पाय सरळ ताठ धरायला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा त्याची जाहिरात येत नाही.

लालबागच्या आमच्या इमारतीतल्या एक काकू पेन्शनमधून हा डबा आणतात आणि रेल्वे पुलाचे जिने चढायचे म्हणून फिजिओथेरपीला जायचे टाळतात. जाहिराती बंद करा असे मी म्हणत नाही, वर्तमानपत्र कसे चालते ते कळते. पण ती जाहिरात लेखापासून दूर, चौकटीत आणि वर ठळक 'जाहिरात' असे लिहून छापा. काकूंनी कात्रण ठेवले आहे ते लेख आणि जाहिरात मिळून एकच, आणि भुकटी डॉक्टरांनीच सांगितली आहे असे त्या सगळ्यांना सांगतात.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, लालबाग, मुंबई