विरजण, जाडं मीठ आणि पाइलचा तळ

ठाणे पूर्व,
रविवार, दुपार

प्रिय सुधीर,
सप्रेम जय ख्रिस्त.

तुझा निरोप मिळाला. ऐरोलीच्या घरप्रार्थनेत सलग तीन शनिवार मनन तुझ्याकडे आलंय आणि मंडळींची अट अशी, की रोजच्या जगण्यातलं काही सांगा, प्रवचन नको. अट चांगली आहे, पण फसवी आहे.

आधी काय टाळायचं ते सांगतो. कुकरची शिट्टी म्हणजे पश्चात्ताप, लोकलचा पास म्हणजे तारण, मोबाइलचं चार्जिंग म्हणजे प्रार्थना, असली मननं आपण ढिगानं ऐकलीत. त्यात वस्तू नावापुरती असते. कुकर काढून इस्त्री ठेवली तरी काही बिघडत नाही. प्रभूचे दाखले तसे नाहीत. त्यांतली बाई, शेतकरी, कोळी आपापलं काम करत असतात आणि अर्थ त्या कामाच्या खाचाखोचांत असतो. म्हणून वस्तू हाती घेतलीस की पहिला प्रश्न हाच: हे काम बिघडतं कुठे, आणि का?

पहिल्या शनिवारी विरजण घे. मत्तय 13:33, खमिराचा दाखला: स्वर्गाचं राज्य एका बाईनं तीन मापं पिठात लपवून ठेवलेल्या खमिरासारखं आहे. तेव्हाचं खमीर म्हणजे यीस्टचं पाकीट नव्हे, आदल्या कणकेतला राखून ठेवलेला गोळा. आपल्या घरात त्याचं सख्खं भावंड विरजणच. लिटरभर दूध उकळून 40 ते 45 अंशांपर्यंत कोमट होऊ द्यायचं, चमचाभर विरजण घालून ढवळायचं, झाकायचं आणि मग हात लावायचा नाही. दूध फार गरम असेल तर विरजणातले जंतू मरतात, फार गार असेल तर कामाला लागत नाहीत. सारखं हलवून पाहिलं तर चोथा-पाणी होतं. वचनातही ती बाई खमीर पिठात 'लपवून' ठेवते. त्या क्रियापदावर थोडं थांब, लोक ते वाचून पुढे सरकतात. आणि मापावरही थांब: तीन मापं म्हणजे 36 ते 40 लिटर भरेल इतकं पीठ, वीस किलोच्या आसपास. एका घरासाठी एवढं कोण मळतं? हे गावजेवण झालं. उत्पत्ती 18:6 मध्ये अब्राहाम तीन पाहुण्यांसाठी सारेला पीठ मळायला सांगतो, तेही तीनच मापं.

एक सावधगिरी. मत्तय 16 मध्ये तेच खमीर परूशी आणि सदूकी या यहुदी धर्मपंथांच्या शिकवणीसाठी येतं, पौलाच्या करिंथच्या पत्रातही ते काढून टाकायला सांगितलंय. तेव्हा 'खमीर म्हणजे अमुक' असं ठोकून देऊ नकोस. थोडंसं सगळ्यात भिनतं, एवढंच दोन्हीकडे समान आहे. काय भिनवतोय, ते ज्याचं त्यानं बघावं.

दुसऱ्या शनिवारी मीठ. यावर वेळ घाल, कारण आपल्या दाराशी मिठागरं आहेत. मुलुंड-भांडुपची हायवेवरून दिसतात आणि आगरी समाजाचं नावच आगरावरून, म्हणजे मिठागरावरून आलेलं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, पण खायचं मीठ त्यातलं 27 ग्रॅमच्या आसपास. भरतीचं पाणी आत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हानं आटवतात. आधी चुना आणि जिप्समसारखं खाली बसतं. पाणी किती दाट झालं ते मोजणाऱ्या बोमे मापकावर ते 25 अंशांच्या आसपास आलं की मीठ धरायला लागतं. 29-30 च्या पुढे आटू दिलं तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात उतरतात, म्हणून उरलेलं कडू पाणी वेळेवर काढून टाकावं लागतं. आळस केला तर मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात पोत्यातच पाझरतं. आणि मे महिन्यात एक अवकाळी सर आली की आटवलेलं पाणी पुन्हा पातळ.

आता मत्तय 5:13 वाच: तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात, पण मिठाचा खारटपणाच गेला तर? मिठाचा खारटपणा जातो कसा? शुद्ध मिठाचा जात नाही. पण मृत समुद्राकडचं मीठ माती आणि इतर क्षारांत मिसळलेलं असायचं. ओल लागली की खरं मीठ आधी विरघळून वाहून जातं, मागे पांढरा चोथा उरतो. दिसायला मीठच. लूक 14:35 म्हणतो ते जमिनीच्या उपयोगी नाही, उकिरड्याच्याही नाही. माझं मत विचारशील तर या वचनाचा रोख 'तुम्ही जगाला चव आणता' या कौतुकावर कमी आणि त्या चोथ्यावर जास्त आहे.

तिसरा शनिवार खडकावरच्या घराचा: वचन ऐकून तसं करणारा खडकावर घर बांधतो, नुसता ऐकणारा वाळूवर. मत्तय 7 सगळ्यांना पाठ, पण तू लूक 6:48 घे. तिथं एक जादा गोष्ट आहे: त्यानं खोल खणलं. नवी मुंबईत खाडीच्या चिखलावर राहणाऱ्यांना हे समजावायला नको. मे महिन्यात खाजण, म्हणजे खाडीकाठची दलदल, कडक होतं, माणूस चालत जातो, जूनमध्ये पोटरीपर्यंत रुततो. तेव्हा वाळूवर बांधणारा अगदीच मूर्ख नव्हता, तो उन्हाळ्यात जमीन बघून गेला असेल.

आपल्याकडे इमारतीच्या पायासाठी पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर काँक्रीटचे खांब, घालणारे पायलिंगवाले चिखल, मग मुरूम पार करून खडकात भोक नेतात. वरचा चिखल ढासळू नये म्हणून लाइनर, म्हणजे लोखंडी नळकांडं, आणि बेंटोनाइट या मातीचं दाट पाणी. खरी गोम पुढे आहे. तळाशी गाळ बसतो, तो ताज्या बेंटोनाइटच्या झोतानं धुऊन काढावा लागतो. मग सळ्यांचा पिंजरा सोडायचा. त्यात काही तास गेले तर गाळ पुन्हा बसतो, पुन्हा धुवायचा. काँक्रीट वरून ओतायचं नाही, ट्रेमीच्या, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या लांब नळीनं तळापासून भरत वर यायचं, आणि नळीचं टोक दीड-दोन मीटर काँक्रीटमध्येच बुडलेलं ठेवायचं. नळी घाईनं वर ओढली की मध्येच चिखलाचा थर शिरतो. वरचं गाळमिश्रित काँक्रीट नंतर फोडून काढतात, म्हणून मुळातच थोडं जास्त भरतात. पाइल कॅप, म्हणजे पाइलच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा, बसली की यातलं काही कुणाला दिसत नाही. 'ऐकतो आणि करतो' हे शब्द शेवटी वाच, आधी पाइल सांग.

वेळ पाच-सात मिनिटांच्या वर नको. वचन एक, वस्तू एक. निवडलेल्या वचनाच्या मागची-पुढची पाच-सहा वचनं आधी वाच आणि दुसऱ्या शुभवर्तमानात तोच दाखला असेल तर शेजारी ठेव, फरक तिथंच सापडतात. शेवटी उत्तर देऊ नकोस, प्रश्न विचारून बस. शांतता झाली तर घाबरू नकोस. दोन मिनिटांनी कुणीतरी काकू बोलतातच.

वस्तू सोबत ने. दही शनिवारी सकाळीच दोन वाट्यांत लाव: एकीत कोमट दूध, दुसरीत नुकतं उकळलेलं, विरजण दोन्हीत सारखंच. संध्याकाळी झाकणं उघड. मिठासाठी किराणावाल्याकडून जाडं मीठ घे. पाकिटातलं बारीक नको, पाणी धरू नये म्हणून त्यात मुद्दाम काहीतरी मिसळलेलं असतं, ते चमच्यातून सुळकन पडेल आणि तुझा दाखलाच उभा राहणार नाही.

वहिनींना सलाम, पोरांना पापा.

तुझा,
जॉन